विंडोज ११ वरून विंडोज १० कडे परत जावे का? हातात चार दिवस आहेत

अक्षरजुळणी (सांगली)

नमस्कार. सांगलीत गणपती मंदिराच्या परिसरात आमचे लग्नपत्रिका, हँडबिले आणि पावतीपुस्तके छापण्याचे छोटे दुकान आहे. दुकानातील मुख्य संगणकावर विंडोज १० होते. त्याची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून मनात धास्ती होती, कारण गिऱ्हाइकांचे फोटो, पत्ते, फोन नंबर असे सारे त्याच संगणकात असते. म्हणून दिवाळीत दुकान बंद असताना मी विंडोज ११ टाकून घेतले. आज त्याला सहा दिवस झाले.

अडचण दुकान उघडल्यावर समोर आली. आमची अक्षरजुळणी एका जुन्या मराठी प्रोग्रामवर चालते; तो युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या समान संकेतपद्धतीच्या, आधीचा आहे. त्याला यूएसबीत लावायचे एक लॉक आहे. नव्या प्रणालीत ते लॉक ओळखले जात नाही, आणि लॉक सापडले नाही की तो प्रोग्राम आपले फॉन्ट उघडतच नाही. काल गेल्या वर्षीची एक पत्रिका उघडली, तर '॥ श्री गणेश प्रसन्न ॥' या ओळीच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची रांग दिसली. खाली वधूवरांच्या नावांचीही तीच गत होती.

दुसरी अडचण प्रिंटरची. विंडोजने त्याला आपला सर्वसाधारण ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, लावून घेतला आहे आणि त्यात जाड कागदाचा पर्यायच नाही. जाड कागद निवडला की प्रिंटर कागद हळू सोडतो आणि टोनर नीट वितळून बसतो. आता पत्रिकेच्या कार्डावर अंगठा फिरवला की 'निमंत्रण'मधला 'नि' बोटाला लागतो.

आमच्याकडे बारा वर्षांच्या फायली याच फॉन्टमध्ये आहेत. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल आणि सात पत्रिकांची कामे मी आगाऊ रक्कम घेऊन स्वीकारली आहेत. परत विंडोज १० वर जावे, की येथेच थांबून मार्ग काढावा? दहा दिवसांत परत जाता येते असे कळले आहे, म्हणून घाईने विचारत आहे.

दुरुस्तीचे काउंटर (सातारा)

ताई, आधी एक विनंती. जागा मोकळी करण्यासाठी डिस्क क्लीनअप चालवू नका आणि सी ड्राइव्हमधला 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर पुसू नका. तुमची जुनी प्रणाली त्यातच आहे. तो गेला की परतीची वाट बंद होते, मग दहा दिवस उरलेले असोत वा नसोत.

परत जाण्याचा पर्याय सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या मार्गाने 'गो बॅक' या नावाने मिळतो. विंडोज १० आले तेव्हा, म्हणजे २०१५ साली, ही मुदत एक महिन्याची होती. २०१६ च्या ऑगस्टमधील मोठ्या अपडेटपासून ती दहा दिवसांवर आणली गेली. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) प्रशासक म्हणून उघडून 'डिस्म' या विंडोजच्याच साधनाच्या आज्ञेने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र मूळ दहा दिवस संपण्याच्या आत. तुमच्याकडे चार दिवस आहेत, तेव्हा आज पहिले काम तेच करा. मुदत वाढली की निर्णय शांतपणे घेता येईल.

परत गेल्यावर तुमच्या फायली जागेवर राहतात. मात्र अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. विंडोज १० मध्ये जो पासवर्ड होता तो आठवणीत हवा. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू झाले आहे का तेही पाहा, कारण असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय काहीही हलवू नये.

हळदीचे पेव (सांगली)

मला ही मुदत माहीत नव्हती. अकराव्या दिवशी पर्याय शोधला तेव्हा तो नाहीसा झाला होता.

विश्रामबाग (सांगली)

ताई, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे मत परत जाऊ नये असे आहे, आणि ते केवळ नव्याच्या हौसेने नाही. ज्या प्रणालीला सुरक्षा अपडेट्स मिळत नाहीत तिच्यातला एखादा दोष उघड झाला की तो कायमचा उघडा राहतो. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर सांभाळणाऱ्या दुकानाने हा धोका पत्करू नये.

लॉकसाठी एक गोष्ट तपासून पाहा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन असे पान आहे. तेथे 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर ती जुने ड्रायव्हर अडवते. त्याच पानावर दोषपूर्ण म्हणून माहीत झालेल्या ड्रायव्हरांची एक यादी आहे, जी विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून सर्व संगणकांवर मुळातच चालू असते. तुमच्या लॉकचा ड्रायव्हर या दोहोंपैकी एकात अडकला असण्याची शक्यता आहे.

जुनी खतावणी (सातारा)

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा पहिले काही महिने आम्ही खतावणी हातानेही लिहीत होतो आणि तीच नोंद संगणकातही भरत होतो. रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवल्याशिवाय कोणी घरी जात नसे. दुप्पट कामाचा कंटाळा येई, पण एका संध्याकाळी संगणकातील व्याजाची आकडेमोड चुकीची निघाली, तेव्हा हाताने लिहिलेली वही शेजारी होती म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडता आले.

ताई, आपण ज्या संगणकावर पोट आहे त्याच संगणकावर, सणाच्या सुट्टीत, जुने बाजूला न ठेवता नवे टाकलेत. माझ्या मते चूक नव्या प्रणालीची नाही आणि जुनीचीही नाही. दोन्ही काही काळ शेजारी शेजारी चालायला हव्या होत्या. अजूनही तसे करता येईल का, ते येथील जाणकारांनी सांगावे.

मिरजेची तार (मिरज)

काकांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडते. मी सतारीचे ध्वनिमुद्रण घरीच करते आणि त्यासाठी मॅक वापरते. २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिना या प्रणालीपासून मॅकवर जुन्या धाटणीचे, ३२ बिटचे प्रोग्राम चालणे पूर्णपणे बंद झाले. हे आधी जाहीर झालेले होते, माझे लक्ष नव्हते. अपग्रेड झाले आणि खोलीचा घुमार देणारी माझी दोन जुनी साधने उघडेनाशी झाली. एका मैफिलीचे मुद्रण अर्धवट होते. तरफांचा झंकार ज्या पट्टीत मी बसवला होता तो नव्या साधनात काही केल्या तसा उतरेना.

मॅकवर दहा दिवसांची सोय नसते. डिस्क पूर्ण पुसून मोहावे ही आधीची प्रणाली नव्याने टाकावी लागली आणि टाइम मशीनच्या बॅकअपमधून अपग्रेडच्या आदल्या दिवसाची स्थिती परत आणली. तो बॅकअप होता म्हणून ते मुद्रण पूर्ण झाले. त्यानंतर मात्र मी जुन्या प्रणालीवर कायमची राहिले नाही. त्या दोन साधनांतून गेलेला प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फायलीत उतरवून ठेवला आणि मगच पुढे सरकले. परत जाणे मला त्या उतरवून घेण्यासाठी लागणारा वेळ मिळवण्यापुरते उपयोगी पडले.

अक्षरजुळणी (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रीच मुदत साठ दिवसांची करून घेतली. आज्ञा दिल्यावर ती लागू झाली का हे विचारण्याचीही आज्ञा आहे, तिचे उत्तर ६० असे आले, तेव्हा जरा झोप लागली.

विश्रामबाग यांनी सांगितलेले पानही पाहिले. मेमरी इंटिग्रिटी बंदच होती. यादी मात्र चालू होती. ती बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तर लॉकचा दिवा लागला आणि गणपतीची ओळ जागेवर आली. मी यादी तशीच बंद ठेवू शकते, पण मन तयार होत नाही. मी हे सारे सुरक्षिततेसाठी केले आणि आता नव्या प्रणालीचा एक पहारेकरी मीच घरी पाठवायचा, हे पटत नाही. यादी पुन्हा चालू केली आहे.

प्रिंटरचा प्रश्न सुटलेला नाही. निर्मात्याचा शेवटचा ड्रायव्हर बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे आणि तो येथे बसतच नाही.

विश्रामबाग (सांगली)

ताई, तुम्ही यादी परत चालू केलीत हे वाचून बरे वाटले. अशा ड्रायव्हरांना प्रणालीच्या अगदी गाभ्यापर्यंत प्रवेश असतो, आणि बाहेरची मंडळी तोच दरवाजा शोधत असतात.

एक पर्याय असा आहे की विंडोज ११ ठेवावे आणि व्हर्च्युअल बॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) विंडोज १० चालवून अक्षरजुळणी त्यात करावी. यूएसबी लॉक त्या आतल्या संगणकाला जोडून देता येते. आतल्या विंडोजला वेगळा परवाना मात्र लागेल.

दुरुस्तीचे काउंटर (सातारा)

विश्रामबाग, तुमचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, परंतु दुकानाचा विचार वेगळा करावा लागतो. दुपारी बारा वाजता तीन गिऱ्हाइके उभी असताना आतले विंडोज, बाहेरचे विंडोज आणि लॉक कोणाकडे जोडले आहे हे ताईंच्या मदतनिसाने कसे सांभाळायचे? शिवाय जाड कागदासाठी प्रिंटरही आतच जोडावा लागेल. मी परत जाण्याच्या बाजूचा आहे, पण अटी घालून.

पहिली अट इंटरनेटची. अक्षरजुळणीचा संगणक इंटरनेटपासून तोडावा. ई-मेल, व्हॉट्सअॅपवर येणारे मजकूर आणि फोटो यांसाठी दुसरा संगणक ठेवावा, आणि त्यावर विंडोज ११ असावे.

विश्रामबाग (सांगली)

दादा, छपाईच्या दुकानात इंटरनेट तोडून भागत नाही. तेथे रोग पेनड्राइव्हमधून येतो. आमच्या महाविद्यालयाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी पेनड्राइव्ह लावला आणि खोलीवर येऊन उघडला, तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले होते. त्या संगणकाला इंटरनेट नव्हतेच, आणि नव्हते म्हणूनच त्याचा अँटीव्हायरस कधी ताजा झालेला नव्हता.

दुरुस्तीचे काउंटर (सातारा)

हे तुम्ही फार योग्य बोललात आणि माझ्या लक्षातून ते सुटले होते. मग दुसरी अट अशी की गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त विंडोज ११ च्या संगणकात लागेल. तेथे तपासून आवश्यक तेवढा फोटो किंवा मजकूर दुकानाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि तोच अक्षरजुळणीच्या संगणकात न्यायचा. दुकानाच्या पेनड्राइव्हला लाल रिबीन बांधून ठेवा, म्हणजे गर्दीत अदलाबदल होणार नाही.

तिसरी अट बॅकअपची. परत जाण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर सांगलीहून दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेल्या एका संगणकाबरोबर त्याची बॅकअपची डिस्कही आली होती. दोन्ही एकाच टेबलावर होती आणि दोन्हींत गाळ भरला होता. आपल्या भागात बॅकअप वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरीच हवा.

फळा आणि खडू (कराड)

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडे सांगतो, कारण आमच्या शाळेतील संगणकांवर तेच आहे. उबुंटू या लिनक्सच्या एका मोठ्या आवृत्तीवरून मागच्या आवृत्तीवर उतरण्याचा अधिकृत मार्ग नाही. लिनक्स मिंटमध्ये मात्र टाइमशिफ्ट नावाची सोय असते. अपग्रेडच्या आधी तिची एक नोंद घेतली तर प्रणाली त्या क्षणावर परत नेता येते. मुलांच्या फायली तिच्या मूळ मांडणीत धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप निराळा घ्यावा लागतो. बिघाड केवळ नव्या कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, असेल, तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडणे पुरते. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी वायफाय बंद पडले होते, तेव्हा मी तेवढेच केले आणि दहा मिनिटांत खोली पुन्हा चालू झाली.

हळदीचे पेव (सांगली)

वर मी एकच ओळ लिहिली होती, आता सविस्तर लिहितो. आमचे मार्केट यार्डात अडतीचे दुकान आहे. वडिलांनी हिशेबासाठी करून घेतलेला डॉसवरचा प्रोग्राम विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीवर वर्षानुवर्षे चालला. पट्टी, तोलाई, हमाली, अडत हे सारे त्यात एका दमात निघते. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे असे प्रोग्राम चालतच नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. हे मला नवा संगणक घेतल्यावर कळले. त्यावर आधी विंडोज १० होते. मी ते अपग्रेड केले, प्रोग्राम चालेना म्हणून परत गेलो असतो, तर तेही ६४ बिट असल्याने काहीच साधले नसते.

शेवटी डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये तो चालला. छपाई थेट होत नव्हती, म्हणून पट्टी आधी फायलीत काढतो आणि मग छापतो. वडील आता सत्तरीचे आहेत. ती काळी खिडकी आणि त्यातली पांढरी अक्षरे पुन्हा दिसली तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिली पट्टी स्वतःच काढली.

ताई, आपला त्रास नेमका कशामुळे आहे हे आधी ठरवा. लॉकचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोज १० वर चालत होता, म्हणजे आपल्या बाबतीत परत जाण्याने खरोखरच काम सुटते.

संगम (सातारा)

फोनबाबतही असे करता येते का? मुलीच्या आयफोनची बॅटरी नव्या अपडेटनंतर लवकर उतरते.

विश्रामबाग (सांगली)

काकू, ॲपल आधीच्या आवृत्तीवर सही करणे नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत थांबवते. ती सही नसेल तर फोन जुनी आवृत्ती स्वीकारत नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही. अपडेटनंतर पहिले काही दिवस फोन आतल्या आत फोटोंची आणि शोधाची मांडणी नव्याने करतो, त्यात बॅटरी जास्त जाते. आठवडाभर थांबून पाहा.

जुनी खतावणी (सातारा)

एक प्रश्न मूळ मुद्द्याचा राहिला. परत गेल्यावर विंडोज १० ला अपडेट्स मुळीच मिळणार नाहीत, असेच ना?

दुरुस्तीचे काउंटर (सातारा)

काका, अगदी तसे नाही. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट्स ठेवली आहेत, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. कार्यालयांतील डोमेनला, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्याला, जोडलेल्या संगणकांना ही सोय नाही. ताईंनी परत गेल्यावर आधी नोंदणी करावी, अपडेट्स घ्यावीत आणि मगच इंटरनेटची तार काढावी. महिन्यातून एकदा, दुकान बंद झाल्यावर, तार जोडून अपडेट्स घ्यावीत आणि पुन्हा काढावी.

अक्षरजुळणी (सांगली)

काल रविवारी परत गेले. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली आणि ती डिस्क विश्रामबागेतील बहिणीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर ठेवून आले. मग 'गो बॅक' दाबले. कारण विचारले गेले, ते भरले. संगणक दोनदा बंद होऊन सुरू झाला आणि पाऊण तासाने जुना पडदा समोर आला. लॉकचा दिवा लागला. प्रिंटरच्या यादीत जाड कागद परत दिसला. वाढीव अपडेट्ससाठी नोंदणी केली आणि त्यानंतर तार काढली. भाच्याचा लॅपटॉप विंडोज ११ सह काउंटरवर ठेवला आहे, पेनड्राइव्ह तेथेच लागतात, आणि आमच्या पेनड्राइव्हला लाल रिबीन आहे.

मिरजेच्या ताईंचे म्हणणे माझ्या मनात राहिले आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा वेळ मला बारा वर्षांच्या फायली युनिकोडमध्ये आणण्यासाठी वापरायचा आहे. काल एक पत्रिका रूपांतरक वापरून बदलून पाहिली, तर 'शुभाशीर्वाद' या शब्दाचे 'शुभाशीवार्द' झाले आणि 'विवाह'मधली वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटली. असे का होते?

विश्रामबाग (सांगली)

ताई, जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा 'र्' अक्षराच्या आधी. रूपांतरकाने ही उलटापालट नीट केली नाही की रफार एका घराने सरकतो. प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणीही वेगळी असते, त्यामुळे आपल्याच फॉन्टचा तक्ता करावा लागेल. मी तो करून देऊ शकतो. आपल्या फॉन्टमध्ये छापलेली, सर्व जोडाक्षरे असलेली दोन पाने आणि त्यांच्या फायली काढून ठेवा. शनिवारी कॉलेज सुटल्यावर दुकानात येतो.

अक्षरजुळणी (सांगली)

या. दोन पाने आजच छापली आहेत. त्यात 'कुर्यात् सदा मंगलम्' आहे, 'स्नेहांकित' आहे, 'ज्येष्ठ' आहे आणि आडनावांचे एक संपूर्ण पान आहे. अंगठा फिरवून पाहिला, एकही अक्षर निघाले नाही.